पाशाची झोप

आमच्या ग्रीक गावात प्रत्येक घराला एक बैठकीची खोली असते आणि तिच्यात कोणी बसत नाही. सोफ्यावर चादर, कपाटात न वापरलेले पेले, दार बंद. हिवाळाभर तिथे शेगडी पेटत नाही. घरची माणसं स्वयंपाकघरात मांडीला मांडी लावून दिवस काढतात. वर्षातून एकदा, यजमानाचं नाव ज्या संताचं त्या संताच्या दिवशी, ती खोली उघडायची, तापवायची आणि न बोलावता येणाऱ्या अख्ख्या गावाला गोड खाऊ घालायचं. माझा धाकटा भाऊ प्रोद्रोमोस, त्याचा दिवस सात जानेवारी. म्हणजे ऐन कडाक्यात. नाव ठेवताना आईबापांनी सरपणाचा विचार केलेला दिसत नाही.

त्या खोलीचा खरा उपयोग माझ्या भावजयीने, अनातोलीने, शोधून काढला. ती तिथे कासव झोपवायची. पाशाला तिनेच द्राक्षमळ्यातून उचलून आणलं होतं, लेक दोम्ना लहान असताना. कोबीच्या वाफ्यात घुसू नये म्हणून कवचाच्या मागच्या कडेला भोक पाडून त्याला दोरी बांधली. तेव्हा सगळे तसंच करायचे. काही वर्षांनी दोम्नाने रडून रडून दोरी सोडवली, भोक तेवढं राहिलं.

ऑक्टोबर आला की पाशाचं खाणं बंद. तो ताटलीभोवती घुटमळायचा, वर बघायचा, पण कोणी विरघळायचं नाही. पोट साफ रिकामं झाल्याशिवाय त्याला झोपवायचं नाही, कारण थंडीत पोटातलं पचत नाही, सडतं. हे दोम्नाने घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं. मग वाळक्या पानांची पेटी आणि बैठकीचा कोपरा. भिंतीवर तिने थर्मामीटर टांगला होता, पारा पाचाच्या आसपास हवा. त्याखाली गेला तर पाशा गोठणार, फार वर गेला तर जागा होणार. नावाच्या दिवसापुरती पेटी फळांच्या कोठारात जायची आणि खोली निवली की परत यायची.

दोम्ना मोठी झाली, जर्मनीत गेली. तिथे म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला आहे. अनातोली गेली तेव्हा पोरीला सुट्टी मिळेपर्यंत आम्ही माती देऊन घरी आलो होतो. ती दारात उभी राहिली आणि माझा भाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, "पाहुणी आली आहे. बैठकीत बसवा तिला."

त्याला तेव्हाच चार शिव्या घालायला हव्या होत्या, पण आईविना घरात कोण कोणाला बोलणार. दोम्ना खरंच जाऊन बसली. अंगात कोट, शेजारी पाशाची पेटी. सकाळी गेली ती गेलीच.

त्यानंतर ती दर रविवारी फोन करायची आणि फक्त पाशाबद्दल बोलायची. वजन किती, पारा किती, पानं कोरडी आहेत ना. तुम्ही कसे आहात असं तिने कधी विचारलं नाही आणि यानेही नाही. तरी रविवारी सकाळी हा गडी दाढी करून, स्वच्छ सदरा घालून फोनसमोर बसायचा. फोनमध्ये तोंड दिसत नाही रे, असं मी म्हणायचे. तो म्हणायचा, "आवाजात दिसतं, ताई."

दुखवट्याच्या घरी नावाचा दिवस करत नाहीत. चर्चमध्ये सांगायचं, यंदा आमच्याकडे साजरा नाही, की कोणी येत नाही. दोन वर्षं तसंच गेलं. तिसऱ्या डिसेंबरात वजन-पारा झाल्यावर दोम्ना जरा थांबली आणि म्हणाली, "सात तारखेला सुट्टी मिळतेय. येऊ का?" तो "ये" म्हणाला आणि फोन ठेवून माझ्याकडे असा बघत राहिला की मलाच भरून आलं.

मग त्याच्या अंगात आलं. चादरी धुतल्या, पेले घासले, त्या खोलीच्या भिंती तापायला वेळ लागतो म्हणून आधीपासूनच शेगडी पेटवली. मी म्हटलं, पेटी कोठारात ठेव. तो म्हणाला, राहू दे. पोर एवढ्या लांबून येणार ती काय दगड बघायला? तिला तो चालताना दिसू दे. मी म्हटलं, ती तुझी कातडी सोलेल.

"ताई," तो म्हणाला, "तिच्याशी बोलायला माझ्याकडे दुसरं आहे काय?"

मी फडकं घेतलं आणि पेले पुसायला लागले.

सातला सकाळी पाशा पानांतून बाहेर आला होता. प्रोद्रोमोसने त्याला कोमट पाण्यात बसवलं, डोळे पुसले, पुढ्यात सॅलडची पानं टाकली. पाशा आधी नुसता बसून राहिला, मग एकदम खायला लागला. दुपारपर्यंत खोली माणसांनी भरली. येणारा जाणारा भावाला "शंभरी गाठ" म्हणत होता, पाशा सगळ्यांच्या बुटांमधून हिंडत होता, आणि जो तो त्याला काहीतरी भरवत होता. भाऊ दर थोड्या वेळाने खिडकीशी जाऊन रस्ता बघून यायचा.

फोन वाजला. थेसालोनिकीच्या विमानतळावर धुकं होतं, म्हणून विमान जर्मनीतून सुटलंच नव्हतं आणि आता सुटणारही नव्हतं. परवा तिला कामावर हजर व्हायचं होतं. ईस्टरला नक्की येते, असं दोम्ना म्हणाली. रडवेली झाली होती. इतकं मऊ ती कित्येक दिवसांत बोलली नव्हती. मग म्हणाली, "आणि बाबा, पाशाला कोठारात ठेवलंय ना? उठवू नका हं त्याला."

पाशा त्याच्या पायाशी पान चावत होता. भाऊ म्हणाला, "झोपलाय. गाढ."

माणसं गेल्यावर मी त्याला सांगितलं, आता त्याचं पोट भरलंय, आता झोपवू नकोस. शेगडी चालू ठेव, उजेड दे, वसंतापर्यंत जागा ठेव, जगेल. तो ऐकत होता, मान हलवत होता. शेवटी म्हणाला, रविवारी ती विचारेल तेव्हा काय सांगू? खोटं बोललो म्हणून? आत्ता कुठे ती येते म्हणाली. त्याने शेगडी विझवली, खिडकी उघडली आणि पाशाला पानांत पुरलं. खोटं बोललेलं खरं करायचं होतं त्याला, दुसरं काही नाही.

फेब्रुवारीत त्याने मला बोलावून घेतलं. पेटी उघडी होती आणि खोलीत वास होता. पाशाची मान बाहेर लोंबत होती. मी बोट लावलं तर त्याने ती आत घेतली नाही. डोळे खोल गेले होते.

"गाढ झोपलाय," भाऊ म्हणाला.

"मेलाय रे."

तो स्वच्छ धुतलेल्या चादरीवर तसाच बसला. आम्ही पाशाला परसातल्या झाडाखाली पुरलं. पुढच्या रविवारी फोन आला तेव्हा मी तिथेच होते. प्रोद्रोमोसने वजन सांगितलं. आधीच्या वेळेपेक्षा किंचित कमी, झोपेत घटायला हवं तेवढंच. दर रविवारी तो असंच सांगत गेला. आयुष्यभर बस चालवली त्याने, तिकिटाच्या हिशेबात एका पैची लबाडी केली नाही, आणि म्हातारपणी खोटं बोलण्यात असा पारंगत झाला.

ईस्टर जवळ आला तेव्हा टेकडीवर रानटी कासवं निघाली होती. मी गोड पाव घेऊन त्याच्याकडे गेले तर हा अंगणात बसलेला, गुडघ्यांत पाशाएवढंच एक कासव धरून, हातात भोक पाडायचं यंत्र.

"लाज वाटू दे जरा," मी म्हटलं.

"भोक नसेल तर तो पाशा कसा?"

त्याने यंत्र चालू केलं. कडेला रक्ताचा थेंब आला. मला बघवेना, मी पाव तिथेच टेकवून घरी आले.

दोम्ना शनिवारी आली. बापाच्या गळ्यात पडली आणि बराच वेळ सोडेचना. स्वयंपाकघरात आईच्या जागेवर बसली, जेवली, मला म्हणाली, "आत्या, तू म्हातारी झालीस पण जीभ तशीच आहे." प्रोद्रोमोस उगाच हसत होता, पुन्हा पुन्हा ताट भरत होता. देवा, इथेच थांबव, असं मी मनात म्हटलं.

मग ती अंगणात गेली आणि हाक मारली. तिच्या आवाजाला पाशा मान उंच करून यायचा. या बिचाऱ्याने मान आत ओढून घेतली. तिने त्याला उचललं, अंगठा मागच्या कडेवर फिरवला. पाशाचं भोक दोरीने झिजून गुळगुळीत झालं होतं. हे पांढरं होतं आणि बोचत होतं. ती खाली बसली.

"केव्हा गेला?"

"फेब्रुवारीत," भाऊ म्हणाला.

"मग ती वजनं?"

भावाने कासव घ्यायला हात पुढे केला.

"आश्रमातली माझी म्हातारी माणसं जातात एकेक," ती म्हणाली. "दर रविवारी ते वजन ऐकलं की वाटायचं, आपल्या घरचं कोणीतरी सुखरूप आहे. तेवढ्यावर पुढचा आठवडा निघायचा, बाबा."

ती स्वतः टेकडीवर जाऊन ते कासव सोडून आली. दुसऱ्या दिवशी, ईस्टरला, आमच्याबरोबर कोकराचं मटण जेवली, लाल अंडी फोडली, मीठ द्या म्हणाली, आभारी आहे म्हणाली. रागाचा एक शब्द नाही. झोपायला मात्र आपण होऊन बैठकीत गेली आणि दार लावून घेतलं.

रविवारी भाऊ अजून दाढी करतो, स्वच्छ सदरा घालतो. फोन वाजत नाही. तूच कर म्हटलं तर विचारतो, काय बोलू?

या जानेवारीत मीच चर्चमध्ये सांगितलं, प्रोद्रोमोसकडे यंदा साजरा नाही. बेकरीवाली सोफ्रोनिया माझ्याकडे झुकली.

"कोण गेलं गं?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

तिने तरीही छातीवर क्रुसाची खूण केली.