टारफुल्याचा कोपरा

बसा पाव्हणं, हितं बांधावरच बसा. म्या काय करून बसलोय ते सांगतो. ऐकून शिव्या घाला खुशाल. घरातनं त्या बी मिळंनात आता.

भोर संस्थानच्या कचेरीतला शिपाई आला. म्हणाला, पुण्याचं शेतकीचं सायेब मंगळवारी तुमच्या रतनबाईची ज्वारी बघाय येणार. भोरच्या बाजारात तिनं त्यास्नी कायतरी सांगितलं आसंल. रतनबाई म्हंजी आमची कारभारीण. ती तवा माहेराला, उत्रोलीला.

म्या रान बघितलं. सगळं पीक गळ्याइतकं, आन् खालच्या कोपऱ्यात निस्ता टारफुला. बारकी पांढरी फुलं, दिसाय नाजूक, पर भुईत ज्वारीच्या मुळाला मूळ लावून रस पितो मेला. ती बाई अकरा वर्सं तो उपटू देत नव्हती. ताटं खुरटलेली, पाच-धाच काय ती कणीस धरून.

मला लाज वाटली. टारफुला उपटला. ताटं बी कापली, दूध भरल्या कणसांसकट बैलांपुढं टाकली. कोपरा अंगणावानी केला.

मंगळवारी केशवराव सायेब आलं, तवाच रतनबाई बी पोचली. सायेब त्या मोकळ्या जागंत उभं ऱ्हायलं.

"इथली ताटं कुठं आहेत?"

"रोगट व्हती सायेब. काडून टाकली."

"अहो, तीच बघायला आलो मी." त्यांचा आवाज चढला. "ज्वारी टारफुल्याला दाद देईनाशी झाली, की काही पिढ्यांनी तोही नवी वाट काढतो. पुण्यात आम्ही दोघांना एका कुंडीत वाढवून तेच बघतोय. स्वच्छ रानातलं बी त्याच्यापुढं टिकत नाही. या बाई दर वर्षी त्याच्यात तगलेल्याच ताटाचं बी धरत होत्या. घरात आहे का थोडं?"

तिनं न्हाई म्हून मान हलवली. व्हतं तेवढं त्याच कोपऱ्यात पेरलं व्हतं.

"मला सांगायचं न्हाई व्हय गं?" म्या खेकसलो.

"अकरा वर्सं सांगत्ये. तुमी हसत व्हता." तिनं वैरणीकडं बघितलं. "आता बैलांस्नी इचारा, कंचं कणीस बियाला ठिवायचं."

त्या दिसापासनं भाकरी वाढती, पर बोलत न्हाई.

तीन सालाखाली तुमची ठकुबाई आमच्याकडं आली व्हती. तुमच्या रानात टारफुला लई, म्हून रतनबाईनं तिच्या पदरात ओंजळभर बी बांधलं व्हतं. ते पेरत असाल, तर टारफुल्यात उभं ऱ्हायलेलं एक कणीस आणा. माझ्या हातात नगा देऊ. तिच्या हातात द्या.