टिंबावर न ठरणारा डोळा

आत्याच्या प्रयोगशाळेतला सगळ्यात गुणी डोळा माझा आहे. हे मी नाही, आत्याच म्हणते. डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो काढणारं यंत्र ती बनवते. साधे फोटो नाहीत, एकेक पेशी सुटी दिसते असे. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं आणि आतल्या हिरव्या टिंबाकडे बघत राहायचं. मी बघते ते बघतेच. पुस्तकाकडे इतकं बघितलं असतंस तर पहिली आली असतीस, असं बाबा म्हणतात. म्हणू देत.

तर त्या दिवशी पाहुणे येणार होते. पुढच्या संशोधनात कोणाचे डोळे घ्यायचे, हे तेच ठरवणार. आणि आत्याच्या वरच्या सरांनी ऐन वेळी नियम काढला: ज्यांचा डोळा टिंबावर ठरत नाही ते बाद. डोळा हलला की फोटो फाटल्यासारखे येतात, निकाल बिघडतो, असं त्यांचं म्हणणं.

बाद म्हणजे कोण, तर आमच्या गल्लीतले शिंपीकाका. त्यांच्या पडद्याचा नेमका मधला भाग आजारी आहे. ज्या जागेने टिंब बघायचं तीच जागा. मग डोळा बिचारा आजूबाजूने टिंब शोधत हिंडतो. म्हणजे लंगडणाऱ्याला सांगायचं, आधी पळून दाखव, मग पाय तपासतो. आत्याने तर असा हिंडता डोळा पकडायलाच यंत्र रचलंय, पडदा सरकला की त्याच्यामागे प्रकाशही सरकतो. त्यासाठी काका कित्येक महिने येत होते, झोंबणारे थेंब मुकाट घालून घेत होते. आणि आज ते बाहेरच्या बाकावर.

“मापात बसत नाही म्हणे मी,” काका मला हसत म्हणाले.

ते हसू मला सहनच झालं नाही. आत गेले, हनुवटी टेकवली. स्क्रीनवर माझ्या पेशी मधाच्या पोळ्यासारख्या उमटल्या, सरांनी भाषण ठोकलं, पाहुण्यांनी माना डोलावल्या. माझं डोकं सणकलं. म्हटलं, यंत्र काय करू शकतं ते दाखवूच यांना. आणि डोळा गरागरा फिरवला.

चित्राच्या चिंध्या झाल्या. बघा, म्हणूनच तो नियम, असं सर पाहुण्यांना म्हणाले. काकांची बाजू घ्यायला गेले आणि त्यांचाच पत्ता कापून बसले.

आत्याने मला दंडाला धरून उठवलं. नजरेनेच जे बोलायचं ते बोलली. मग पाहुण्यांकडे वळली. “हा वात्रटपणा होता. आजारी डोळा असा गरागरा फिरत नाही, थोडाथोडा सरकतो. ज्याच्यासाठी यंत्र केलंय तो डोळा बाहेर बाकावर बसलाय. त्याला बघा आणि मग ठरवा.”

सर म्हणाले, वेळ नाही. पाहुण्यांपैकी एक पिकल्या केसांच्या डॉक्टरीणबाई मात्र खुर्ची ओढून ऐसपैस बसल्या. बोलवा, म्हणाल्या.

काका आले, टोपी कुठे ठेवू म्हणाले, ती मी घेतली. चित्र थरथरलं, एकदा तुटलं, मग यंत्राने डोळा पकडला. कडेचा एक पट्टा फाटकाच राहिला. पण आजारी भागाच्या काठाने जिवंत पेशी दिसत होत्या. विरळ होत्या, पण होत्या.

“यांनाच बाद केलंत तर तपासणार कोणाला?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सरांनी घसा खाकरला. “आमचाही पहिल्यापासून हाच विचार होता.”

पहिल्यापासून. मी तोंड उघडलं, तेवढ्यात आत्याने माझा खांदा असा दाबला की अजून दुखतोय. नियम तिथल्या तिथे रद्द झाला, काका संशोधनात राहिले आणि शाबासकी सरांना. आत्या म्हणते, काका आत आहेत ना, मग बास. मला नाही बास.

निघायच्या आधी सरांनी मला पुन्हा बसायला सांगितलं. जाता जाता पाहुण्यांना एक छानसं चित्र द्यावं म्हणून. मी म्हटलं, माझे डोळे दुखतायत. खोटं नव्हतं ते. मघापासून मी सरांकडेच रोखून बघत होते.