सातव्या मजल्यावर अडकलेला आरपार

मित्रांनो, मी एक जुना महाबली आहे. जुना म्हणजे फार नव्हे, दोन वर्षं आणि वर काही महिने. पण ज्या मंडळात माझा जन्म झाला तिथे पात्रं दर आठवड्याला डझनाने जन्मतात आणि तितक्याच वेगाने विसरली जातात, त्यामुळे तिथे मी आजोबाच. माझं नाव आरपार. मी कुठल्याही भिंतीतून पलीकडे जाऊ शकतो. विटांची असो, दगडाची असो, पोलादाची असो, मला सगळ्या सारख्याच. आणि गेले चौदा महिने मी एकाच खोलीत आहे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. पण हे कसं घडलं ते ऐकून मग म्हणा.

मला घडवणारी कवळ्या बनवते. एका तळघरात डेंटल लॅब आहे, तिथे तिची नोकरी. दिवसभर मान खाली घालून मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचा, वरचे दात खालच्यांवर नीट टेकतात का ते पाहायचं, मग घासून गुळगुळीत करायचं. तिच्या हातच्या कवळ्या लावून शेकडो माणसं हसतात, पण त्यातलं एकही तिने कधी पाहिलेलं नाही. तिच्याकडे येतात ते त्यांच्या तोंडाचे प्लास्टरचे साचे. मंडळात तिने टोपणनाव घेतलं ‘अक्कलदाढ’. खरं नाव तिथे कुणी विचारत नाही, म्हणून मीही सांगत नाही.

आता हे मंडळ म्हणजे काय, तेही सांगतो. ते इंटरनेटवर भरतं. प्रत्येकाने अचाट शक्तीचं एक पात्र तयार करायचं, आणि मग दोघातिघांनी मिळून एखादा प्रसंग लिहायचा. एकाने चार ओळी लिहायच्या, मग दुसऱ्याची पाळी. ती आली की पुन्हा आपली. नियम एकच, पण कडक: आपलं पात्र आपणच हलवायचं, दुसऱ्याच्या पात्राला बोट लावायचं नाही. दुसऱ्याच्या तोंडी शब्द घातलेत तर पंच हाकलून देतात.

एका रविवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसून तिने त्यावरच्या संगणकावर माझा अर्ज भरायला घेतला. नाव, वय, रूप, शक्ती हे रकाने भराभर भरले. मला तिने उंच केलं, खांदे रुंद दिले, आणि दातही अगदी निवडून, रंग जुळवून दिले. घोडं अडलं ते शेवटच्या रकान्यात. त्या रकान्याचं नाव ‘कमजोरी’. शक्ती जेवढी मोठी तेवढी कमजोरी मोठी हवी, नाहीतर अर्ज मंजूर होत नाही. हे पाहायला एक पंच होते, त्यांचं टोपणनाव ‘हेडमास्तर’. तिने लिहिलं, ‘भिंतीतून गेल्यावर याला शिंका येतात.’ हेडमास्तरांचं उत्तर आलं, ‘ही कमजोरी नव्हे, सर्दी आहे. पुन्हा लिहा.’ तिने लिहिलं, ‘भिंतीतून जाताना कोणाला सोबत नेता येत नाही.’ उत्तर आलं, ‘हे ठीक, पण अपुरं. अजून काहीतरी द्या.’

ती विचार करायला खुर्ची मागे सरकवून बसली. खुर्चीचा आवाज झाला आणि आतल्या खोलीतून तिच्या आईची हाक आली, “अगं, थांब! कुठे निघालीस?”

“कुठेही नाही, आई. इथेच आहे.”

“मग खुर्ची का वाजली?”

अक्कलदाढेने खुर्ची पुन्हा पुढे ओढली. मग तिने एका दमात लिहून टाकलं, ‘खोलीतल्या कोणीही याला थांब म्हटलं की याला थांबावंच लागतं. तीच व्यक्ती जा म्हणेपर्यंत याला बाहेर पडता येत नाही.’ दहा मिनिटांत अर्ज मंजूर झाला. ती आनंदाने हसली, आणि मीही. ‘कोणीही’ या शब्दाकडे आम्हा दोघांपैकी एकानेही पुन्हा पाहिलं नाही. अक्कलदाढेलाही कधीकधी अक्कल उशिराच येते.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं. मी बंद तिजोऱ्यांत शिरून कागद आणले, कोसळलेल्या बोगद्यातल्या माणसांना पाणी पोचवलं, तुरुंगात जाऊन एका निरपराध माणसाशी बुद्धिबळ खेळलो. दोनदा मला महिन्यातलं उत्तम पात्र म्हणून निवडलं. अक्कलदाढ कामावरून यायची, नखांत प्लास्टर तसंच असायचं, आणि चहाचा कप हातात घेऊन आधी मला उघडायची. कधी मोठ्याने हसायची. आई विचारायच्या, “कोणाशी हसतेस गं?” ही म्हणायची, “भिंतीशी.” तेव्हा मला वाटायचं, आपल्यासारखं भाग्य कोणाचं नाही.

मग गोगलगाय आली. म्हणजे त्या टोपणनावाची एक बाई. तिचं पात्र होतं मावशी. मावशीला दहा कोसांवरची कुजबुज ऐकू यायची. दोघींनी मिळून प्रसंग रचला: शत्रूंनी मावशीला एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर कोंडलं आहे. गोगलगायीने खोली झकास लिहिली. एक लाकडी खुर्ची, एक गळका नळ, आणि एक खिडकी, जिच्यातून फक्त समोरच्या इमारतीची भिंत दिसते. मी भिंतीतून आत गेलो. मावशीला धीर दिला. तिला सोबत नेता येत नव्हतं, म्हणून बाहेर जाऊन दाराची कडी काढायची असं ठरलं. मी वळलो, आणि गोगलगायीने आपल्या पाळीत लिहिलं, ‘मावशीने त्याचा हात घट्ट धरला. थांब, ती म्हणाली. मला एकटीला टाकून जाऊ नकोस.’

मंडळातल्या लोकांनी वाहवा केली. काय डाव टाकला म्हणे! अक्कलदाढेनेही टाळ्या पाठवल्या. आणि त्या दिवसानंतर गोगलगायीने एक अक्षर लिहिलं नाही.

मित्रांनो, उभं राहणं म्हणजे काय हे मला विचारा. मावशीचं तोंड ‘नकोस’ म्हणून झाल्यावर उघडं राहिलं होतं, ते तसंच. नळाच्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता, तो पडेना. माझा एक पाय भिंतीकडे वळलेला, हात मावशीच्या मुठीत. भिंत माझ्यापासून दीड हातावर. साधी विटांची भिंत, माझ्या डाव्या हातचा मळ! आधी मला गंमत वाटली, मग कंटाळा आला, मग भीती वाटू लागली.

अक्कलदाढेने गोगलगायीची दोन महिने वाट पाहिली. मग हेडमास्तरांकडे अर्ज केला, की कमजोरीचा रकाना बदलू द्या. उत्तर आलं, ‘प्रसंग चालू असताना मंजूर अर्ज बदलता येत नाही. एक तर वाट पाहा, नाहीतर पात्र मिटवून टाका.’ पात्र मिटवण्याचं एक लाल बटण असतं. तिने त्यावर बाण नेला. मला तो बाण दिसत होता. माझ्या तोंडचं पाणी असं कोसळत्या बोगद्यातही पळालं नव्हतं. थोड्या वेळाने तिने बाण काढून घेतला आणि संगणक बंद केला. त्यानंतर माझं भिजत घोंगडं तसंच पडून राहिलं.

तिकडे तिचंही काही वेगळं चाललेलं नव्हतं. माझं पान उघडं असलं की घरातलं सगळं माझ्या कानावर पडायचं, म्हणून मला ठाऊक. तिच्या साहेबांनी चार तासांच्या वाटेवरच्या गावात नवी लॅब काढली होती. वरच्या मजल्यावर, खिडक्या असलेली. ती हिनेच चालवावी म्हणून त्यांनी दोनदा विचारलं आणि दोनदा हिने नाही म्हटलं. कारण आई. आई पूर्वी एकदा न्हाणीघरात पडल्या होत्या. हाड केव्हाच जुळलं. डॉक्टर म्हणाले, चाला. आई चालायच्याही, ही कामावर गेली की काठी टेकत कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन यायच्या. शेजारच्या काकूंनीच हे हिला सांगितलं होतं. पण हिने पिशवी उचलली की आई लगेच म्हणायच्या, “थांब गं जरा.” आणि ही थांबायची. हिच्या अर्जात तर असं काही लिहिलेलंही नव्हतं.

साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने आठवड्याची मुदत मागून घेतली. त्याच संध्याकाळी तिने गोगलगायीला खासगी निरोप धाडला: ‘रागावलेली नाही. फक्त सांग, काय झालं?’

उत्तर यायला पाच दिवस लागले. गोगलगायीने लिहिलं होतं, ‘काही झालं नाही. मी जा लिहिलं असतं तर प्रसंग संपला असता. दिवसभरात माझ्याशी बोलणारी तू एकटीच होतीस. म्हटलं, चार दिवस लांबवू. मग आठवडा झाला, मग इतका उशीर झाला की लिहायची लाज वाटायला लागली. अडकवून ठेवलं की माणूस राहतं असं वाटलं. पण तू तर बोलायचीच बंद झालीस. माफ कर.’

अक्कलदाढेने ते तीनदा वाचलं. मग आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन ती म्हणाली, “आई, मी ती नवी लॅब घेतेय. सोमवारी जाणार. दर शनिवारी घरी येईन.”

“थांब, थांब. असं एकदम?”

“एकदम कुठे? तिसऱ्यांदा विचारलंय त्यांनी.”

“आणि मी पडले म्हणजे?”

“काकू सकाळ-संध्याकाळ डोकावणार आहेत. आणि तू चालतेस, आई. दुकानापर्यंत जातेस. मला कळलंय.”

आतून आवाज आला, “एवढं सगळं ठरवलंस, तर मला कशाला विचारतेस?”

“विचारत नाहीये. सांगतेय.”

दुसऱ्या दिवशी गोगलगाय मंडळात परतली. चौदा महिन्यांनी मावशीचं तोंड मिटलं आणि पुन्हा उघडलं. ‘मावशीने त्याचा हात सोडला. जा, ती म्हणाली.’ थेंब टपकन पडला. मित्रांनो, काय सांगू! माझी पाळी आली होती. फक्त एक ओळ हवी होती, ‘आरपार भिंतीतून बाहेर पडला.’ ती ओळ माझी मला लिहिता आली असती तर आणखी काय हवं होतं!

पण अक्कलदाढ कपडे भरत होती. “गेल्यावर लिहिते रे,” असं ती खरंच पडद्याकडे पाहून म्हणाली. सोमवारी ती गेली. संगणक आईंसाठी घरीच ठेवला, एकमेकींना पाहून बोलता यावं म्हणून.

दुसऱ्याच दिवशी आईंनी काहीतरी भलतंच दाबलं आणि माझं पान उघडलं. त्यांनी चष्मा लावला, पडद्यावर बोट ठेवून पहिल्यापासून सगळं मोठ्याने वाचलं. त्याला अख्खी सकाळ लागली. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, “अगं बाई, हा उभाच आहे की!” मग एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, त्यांनी लिहिलं: ‘तो खाली बसला. पाय दुखले असतील.’

मी बसलो. चौदा महिन्यांनी बसलो. खोटं का बोलू, डोळ्यांत पाणी आलं.

गोगलगायीचं उत्तर तासाभरात आलं. मग आईंनी लिहिलं, ‘त्याने नळ बंद केला. पाणी वाया जातं.’ मावशीने विचारलं, घरी कोण कोण आहे? आईंनी माझ्या तोंडून सांगितलं, ‘एक मुलगी आहे. हाताची फार चांगली. लांब असते.’ अशी मला बसल्या जागी मुलगी झाली. हेडमास्तरांना पत्ता नव्हता. त्यांना वाटलं, अक्कलदाढच लिहिते आहे. रोज दुपारी आई खुर्ची ओढून बसायच्या आणि दोघी दोन-दोन तास बोलायच्या. मला पाणी पाजलं, पांघरूण दिलं, एकदा औषधही दिलं. फक्त भिंतीकडे काही कोणी नेईना.

शनिवारी अक्कलदाढ आली. चेहऱ्यावर ऊन लागलेलं दिसत होतं. तिने हे सगळं वाचलं, पोट धरून हसली, आणि मग तिची नजर माझ्यावर आली. तिने लिहिलं, ‘आरपार उठला. त्याने भिंतीवर हात ठेवला.’ माझ्या तळव्याला वीट लागली. थंड आणि खरखरीत.

“ते पाठवू नकोस,” आई मागून म्हणाल्या.

“आई, किती दिवस अडकलाय बिचारा.”

“तू गेलीस ना? मी तुला अडवलं का? मग हा तरी राहू दे.”

अक्कलदाढेचं बोट पाठवायच्या बटणावर होतं. ते तिथेच राहिलं. मग तिने एकेक अक्षर पुसलं. माझा हात भिंतीवरून सुटला, मी दोन पावलं मागे आलो आणि पुन्हा खाली बसलो. ती माझ्याकडे न बघता चहा ठेवायला गेली.

मित्रांनो, मला राग आला. अजूनही आहे. ती बाहेर पडली याचा आनंदही आहे, कारण मी जन्मलो त्या दुपारपासून तिला तेच हवं होतं. आई मला प्रेमाने वागवतात, मावशीही वागवते. माझी खोली आता पूर्वीसारखी ओसाड राहिली नाही. पण ती खोलीच आहे.

तुम्हीही खेळता, पात्रं घडवता. शक्ती द्यायला काही लागत नाही, हव्या तेवढ्या द्या. पण ज्याला तुम्ही थांब म्हणाल, मग तो पडद्यावरचा असो की घरातला, त्याला एकदा तरी विचारा, बाबा रे, तुला जायचंय का? मला अजून कोणीही विचारलेलं नाही.