मांडी घालून बसलेलं सैन्य

माझं लग्न जमावं म्हणून सगळ्यात जास्त मेहनत कोणी घेतली असेल तर ती एका हंसानं. तो मण्यांचा होता, काचेच्या फ्रेमीत राहायचा आणि त्याला एकच डोळा होता. दुसऱ्या डोळ्याचा मणी कधीच गळून गेला होता. शेजारच्या लीलाबाईंनी तो स्वतःच्या लग्नाआधी केला आणि तेव्हापासून ज्या घरी मुलगी पाहायला पाहुणे येत, त्या घरच्या भिंतीवर तो आदल्या दिवशी जाऊन लटके. पाहुणे विचारत, "हे कोणी केलं?" मुलीची माय कौतुकानं मुलीकडे बघे, मुलगी लाजून जमिनीकडे बघे, आणि हंस बिचारा एका डोळ्यानं सगळ्यांकडे बघे. आमच्या गल्लीतल्या अर्ध्या मुली त्या हंसाच्या पंखावर बसून सासरी गेल्या.

मलाही त्याच पंखावर बसवायचं ठरलं. माझ्या हातचं दाखवण्यासारखं घरात काहीच नव्हतं असं नाही. एक अख्खं सैन्य होतं. पण मायच्या मते सैन्य हे मुलीच्या हातचं काम नव्हे.

त्या सैन्याला जबाबदार आमचं इतिहासाचं पुस्तक. त्यात पानिपतचा नकाशा होता आणि नकाशात बाण होते. काळे बाण आपले, पोकळ बाण शत्रूचे. एवढी माणसं तिथं मेली आणि पुस्तकवाल्यांनी त्यांचे बाण करून टाकले! मला बाण नको होते. मला अंगरखे पाहायचे होते, पागोट्याचे पीळ पाहायचे होते, म्हणजे मला ते करायचे होते. पण पुसदच्या बाजारात मातीचे शिपाई कुठून मिळणार? मिळतात ते भुलोबा. कोजागिरीपर्यंत आम्ही पोरी ज्या भुलाबाईची गाणी म्हणतो, त्या पार्वतीबाईचे हे यजमान. डोक्याला फेटा, ओठावर मिशी, छाती पुढं काढून मांडी घालून बसलेले. एक तलवार दिली की झाला शिपाई.

कोजागिरी उलटल्यावर मी कुंभारणीकडे गेले. तिच्या ओसरीवर न खपलेल्या मूर्ती धूळ खात बसल्या होत्या.

"मावशी, मले नुसते भुलोबे दे."

"नुसते? अन् बाया काय मी पोसू? जोडी फोडत नसतात वं पोरी. न्यायचं त सहकुटुंब ने."

अशा रीतीनं मराठ्यांची फौज सहकुटुंब माझ्या घरी आली. पानिपतावर बायका-पोरं सोबत होती असं सर सांगतात, तेव्हा इतिहासाला धरूनच झालं. पण मला शिपाई कमी पडत होते. मग मी काय केलं, भुलाबायांनाही मिशा काढल्या आणि त्यांना तोफखान्यात भरती केलं. भुलाबाईच्या मांडीवर छोटा गणपती असतो. त्याला काजळी फासली की तोफेचा गोळा दिसतो. मला तेव्हा ही युक्ती फार हुशारीची वाटली होती. खरं सांगायचं तर आजही वाटते.

रंगांसाठी मी घरातल्या कोणालाही सोडलं नाही. आधी चुन्याचा हात द्यायचा, तो वाळू द्यायचा, मग अंगरखे गेरूचे, शेले हळदीचे, काजळी कंदिलाच्या काचेवरची, आणि सगळ्यात बाभळीचा डिंक, नाहीतर रंग बोटाला लागून येतो. निळा रंग बाबांच्या धोतराच्या निळीतून यायचा. त्या वर्षी बाबांची धोतरं पिवळी दिसत आणि शत्रूचे अंगरखे झकास. कुंचला माझ्या वर्गातल्या जमनीच्या कृपेनं. तिच्या तांड्यावरच्या बैलाच्या शेपटीचे केस तुराटीच्या काडीला बांधले की मिशीचं टोकसुद्धा वर वळवता येतं. दोऱ्याच्या रिकाम्या रिळांच्या तोफा केल्या, त्या ओढायला पोळ्याचे मातीचे बैल जुंपले. फक्त एक गोष्ट मला कोणत्याच रंगानं झाकता आली नाही. माझं सगळं सैन्य बसलेलं होतं.

आता लग्नाचं. मी मॅट्रिकच्या वर्गात होते. परीक्षा मार्चात. आणि कळंबच्या स्थळाला लग्न पाहिजे होतं माघात, म्हणजे परीक्षेच्या आधी. बाबांना त्यात काही अडचण दिसत नव्हती. ते म्हणत, "मॅट्रिक झालेल्या पोरीले बी.ए. झालेला नवरा लागते. थो कुठून आणू?" म्हणजे मला नापास होण्याचासुद्धा चान्स मिळणार नव्हता.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी पाहुणे आले. वामनराव, त्यांच्या पत्नी इंदूबाई, आणि हे स्थळ आणणारे आमचे मोठे मामा. नवरदेव स्वतः आला नव्हता, त्याचा फोटो आला होता. एक हात तिपाईवर, तिपाईवर फुलदाणी. फुलदाणी चांगली होती.

मायनं सकाळीच माझी फौज उचलून मागच्या खोलीतल्या कापसाच्या ढिगात पुरली होती आणि भिंतीवर हंस टांगला होता. मी चहा आणला, चिवडा आणला, खाली मान घालून बसले. वामनरावांनी विचारलं नाव काय, मी सांगितलं वच्छला. हे त्यांना आधीपासून माहीत होतं. इंदूबाई मात्र माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या हंसाकडे बघत होत्या.

"हा काणा हंस मी कुठीसा पाह्यला."

मामांना एकदम खोकला आला.

"आर्णीले!" इंदूबाई म्हणाल्या. "मागच्या आयतवारी आपण पोरगी पाह्याले गेलतो न, तथी भिंतीवर होता. त्या पोरीनं केला म्हने."

लीलाबाईंची भाची आर्णीला असते. हंस मोटारीनं जाऊन आला होता, हे कोणी आम्हाला सांगितलंच नव्हतं.

"असे हंस लय जणी करतात, बाई," माय म्हणाली.

"अन् डोया सगळ्या जणी एकच लावतात?"

बाबांनी तोंडातला चिवडा चावायचा थांबवला. इंदूबाई माझ्याकडे वळल्या. "मंग तूनं काय केलं वं पोरी? खरं सांग."

मायनं मला मागून चिमटा काढला. पण चिमटा काढायला तिला जरा उशीर झाला.

"सैन्य केलं," मी म्हणाले.

"काय केलं?" वामनरावांनी बशी खाली ठेवली.

"सैन्य. पानिपतचं. कापसात हाय."

मुलीच्या हातचं काम पाहिल्याशिवाय उठायचं नाही, हा रिवाज आहे. त्यामुळे बाबांना काही बोलता येईना. मी मागच्या खोलीतून सुपं भरभरून फौज आणली आणि बैठकीतल्या लाकडी तखतपोसावर मांडली. सगळ्यांच्या फेट्याला, मिशांना कापूस चिकटला होता.

"वा!" वामनराव म्हणाले. "थंडी होतीच म्हणा पानिपतावर." मग वाकून पाहिलं. "पण हे सारे बसून काहून हायत?"

"उपाशी होते ना ते, काकाजी. जेवणाची वाट पाहून राह्यले."

वामनरावांना हे इतकं पटलं की त्यांनी चष्माच काढून पुसला. आणि मग जे झालं ते मी तुम्हाला काय सांगू! मराठी माणसाला पानिपत मांडून द्या आणि बाजूला व्हा. तो ते जिंकतोच. वामनरावांनी चिवड्याची यमुना केली. सुपाऱ्यांचे हत्ती केले. "आपले लोक चुकले कुठी, सांगू का रामराव?" असं बाबांना म्हणून त्यांनी माझा तोफखाना उचलून पार शत्रूच्या मागं नेऊन ठेवला. मधे जो येईल त्याला टिचकी. माझी अर्धी फौज त्यांनी स्वतःच आडवी केली, पण विजय म्हटला की एवढं चालायचंच. बाबांनाही चेव आला. ते डावीकडून शिरले. मामा दिल्लीकडे गेले. मला बघायला आलेली माणसं तखतपोसावर पालथी पडून लढत होती आणि मी चहाचा ट्रे धरून उभी होते. ह्या गतीनं आणखी थोड्या वेळात त्यांनी काबूल घेतलं असतं.

"झालं!" वामनराव शेवटी घाम पुसत उठले. "जिंकलं! अन् रामराव, पोरगी पसंत. अशी हुशार पोरगी घरात पायजेच. माघात बार उडवून टाकू. शाळा-बिळा आता पुरे, अन् हे मातीचे खेय बी इथीच सोडून येजो, बरं का पोरी."

पानिपत ते जिंकले आणि हरले मी. हुशार म्हणून पसंत, आणि पसंत म्हणून शाळा बंद. पुन्हा वरून बाबा हसत होते. मायनं तर साखर आणायला आत धाव घेतली.

एकट्या इंदूबाई लढाईत नव्हत्या. त्यांनी तोफखान्यातला एक शिपाई उचलून घेतला होता आणि त्याच्या नाकावरून बोट फिरवत होत्या. नथ मी रंगानं झाकली होती, पण मातीचा उंचवटा काही झाकला जात नाही.

"हा शिपाई का बाई वं?" त्यांनी मला हळूच विचारलं.

आता लपवून काय फायदा? "बाई," मी म्हणाले. "मिशी काढल्याबिगर सैन्यात घेत नाहीत ना."

"मंग?"

"मंग काही नाही. मॅट्रिकले घेतात. बिनमिशीच्यालेबी. मार्चात."

इंदूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. ते मामांना दिल्लीचा सुभेदार नेमत होते. मग त्यांनी खाली मान घातली आणि शिपायाच्या मांडीवरचा तोफगोळा नखानं खरवडायला घेतला. अगदी शांतपणे, गाजर खरवडावं तसा. काजळी निघाली, चुना निघाला, आणि खालून एक छोटीशी सोंड निघाली.

"अवो!" इंदूबाईंनी अशी काही आरोळी ठोकली की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. "गणपती! पोट्टीनं गणपतीचा तोफगोया केला! अन् भुलाबाईले मिशा! माय पार्वतीले मिशा काढल्या वो!"

वामनरावांचा हात हवेतच राहिला. ज्या बोटानं त्यांनी टिचक्या मारल्या होत्या त्या बोटाकडे ते बघू लागले. किती वेळा पार्वती आडवी केली असेल ह्याचा अंदाज घेत असावेत. मग त्यांनी हात जोडले आणि माझ्या तोफखान्याला साष्टांग नाही, पण कमरेपासून वाकून नमस्कार केला. मामांनीही केला. बाबांनीही केला, पण डोळे माझ्यावर होते.

"आपण चिंतामणी गणपतीच्या गावचे," इंदूबाई पदर सावरत म्हणाल्या. "गणपती फोडणारी सून आणली त गावात तोंड दाखवता येईन का? चाला, उठा. ही मूर्ती मी नेतो. चिंतामणीपाशी ठेवतो, नाहीत पाप आपल्याले लागन."

"पण पोरगी हुशार हाय..." वामनराव पुटपुटले.

"हुशारच हाय! म्हणूनच म्हणतो, उठा."

साखर घेऊन माय बाहेर आली तेव्हा अंगणात फक्त धूळ होती.

त्या रात्री घरात जे भाषण झालं ते मी लिहीत नाही, कारण त्यात नवीन काही नव्हतं. निकाल असा लागला की असली पोरगी ह्या साली कोणी करणार नाही, तेव्हा बसू द्या तिला मॅट्रिकले, दुसरं करणार काय. आणि सैन्य पूस नदीत शिरवायचं, म्हणजे विसर्जन करायचं. मी ते स्वतः शिरवलं. बाबा काठावर उभे होते, कोणी मागं ठेवलं तर नाही ना हे बघायला. माझे शिपाई एकेक करून पाण्यात बसले. उभं राहता येतच नव्हतं त्यांना. निळ्या अंगरख्यांची नीळ जरा वेळ पाण्यावर तरंगत गेली आणि मी बाबांना म्हटलं, "पाहा, तुमचे धोतर चालले." ते हसले नाहीत. मीही फारशी हसले नाही, पण ते त्यांना कळू दिलं नाही. लीलाबाईंचा हंस मात्र दुसऱ्याच दिवशी दिग्रसला कामावर रुजू झाला.

माघ संपता संपता मोठे मामा कळंबला जाऊन आले. येताना त्यांनी फडक्यात बांधलेलं काहीतरी आणलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

"इंदूबाईनं धाडलं. काहून ते सांगे नाही. 'पोरीचे पेपर कधी हायत' एवढं मात्र इचारे."

मी फडकं सोडलं. माझी तोफखान्यातली भुलाबाई होती. मांडीवरचा गणपती स्वच्छ धुतला होता, त्याला शेंदूर लावला होता. नथही मोकळी केली होती, पिवळी, चकचकीत.

आणि नथीच्या खाली मिशी होती. माझी नव्हे, माझी धुताना गेली असणार. ही ताजी होती, काजळाची, आणि काढणाऱ्याला काढायची सवय नव्हती. उजवं टोक वर गेलं होतं आणि डावं गालावर घसरलं होतं. काजळात डिंक घातलेला नव्हता, त्यामुळे माझ्या बोटाला लागलं.

मी कुंचला शोधून काढला, डिंक भिजवला आणि त्या वाकड्या मिशीवरून एक पातळ हात दिला, ती पुसली जाऊ नये म्हणून. सरळ केली नाही. मग भुलाबाईला भूमितीच्या पुस्तकावर बसवलं, तर मायनं ओरडून विचारलं, "पोट्टे, वाचून राह्यली का रंगवून राह्यली?"

"वाचून राह्यली," मी म्हणाले आणि बोट वाळेपर्यंत पान उलटलं नाही.