वातीची खूण

उत्कर्षाला रडकी पुस्तकं आवडतात, असा बिबवेवाडीच्या वाचनालयातल्या अनंतरावांचा पक्का समज होता. समज साफ चुकीचा. लहानपणी घरातच मार खाल्लेल्या, कोंडून ठेवलेल्या माणसांनी मोठेपणी लिहिलेली आत्मचरित्रं ती न्यायची हे खरं, पण रडायला नव्हे. हडपसरच्या कंपनीच्या बसमध्ये बसून ती वाचायची आणि शेवटच्या प्रकरणात लेखिकेनं स्वतःच्या घराचं कुलूप स्वतःच्या किल्लीनं उघडलं, की इतकी खूश व्हायची की शेजारच्या मुलीला वाटायचं, हिला प्रमोशन मिळालं. बाई वाचली, सुटली, आता मजेत आहे, एवढं कळावं म्हणून ती आधीची सगळी पानं सोसायची. आता याला रडकं म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

एका शनिवारी अनंतरावांनी काउंटरवर पत्र्याची डबी ठेवली. आत कापसाच्या वाती.

"आपण परत केलेल्या पुस्तकांतून निघाल्या," ते म्हणाले. "प्रत्येकात एक. मॅडम, आमच्याकडे ट्यूबलाइट आहेत. नंदादीपाची सोय केलेली नाही."

उत्कर्षा बघतच राहिली. ती स्वतः खुणेला कंपनीचं जुनं कार्ड ठेवायची. वाती तिच्या घरात एकच माणूस वळायचं, आणि ते माणूस दुधाच्या पिशवीवरच्या तारखेपलीकडे काही वाचत असेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

ते माणूस म्हणजे तिची आई, मालनबाई. नवरा गेल्यावर ही बाई नांदेडहून लेकीला घेऊन पुण्याजवळ मांजरी गावात भावाकडे आली. भाऊ, नागोराव, चारचौघांत गोड बोलणारा आणि घरात पट्टा काढणारा. ताटात भात उरला तरी उत्कर्षाला मार, आणि मग न्हाणीघरात कोंडणं. एकदा, लहान असताना, तिनं आईला पाठ उघडी करून दाखवली. आईनं खोबरेल लावलं आणि म्हणाली, "गप बस. त्याच्याच घरात राहायलोत आपण." त्यानंतर त्या घरातून दोघी सुटल्या, उत्कर्षा इंजिनिअर झाली, बिबवेवाडीत फ्लॅट झाला, पण तो विषय पुन्हा काही निघाला नाही.

आणि आता उत्कर्षाचं लग्न महिन्यावर आलं होतं. मुलगा भला होता, सौमित्र, तिच्याच कंपनीतला. पण आपल्या लग्नात मुलीला हाताला धरून मांडवात आणायचा मान मामाचा. नागोरावांनी त्यासाठी खास फेटा सांगून ठेवला होता. पट्टा काढणारा तो हात उत्कर्षाला आपल्या मनगटावर नको होता. तिला स्वतःला नको म्हणता आलं असतं, अगदी सहज. पण ते आईनं म्हणावं, एवढी एकच गोष्ट तिला हवी होती, आणि आई होती की साड्यांच्या रंगांबद्दल बोलायची.

डबी घेऊन ती घरी आली. या आठवड्यातलं, तिचं वाचून झालेलं पुस्तक टीव्हीशेजारी पडलं होतं. त्यातही वात होती, आणि ती दोन-तीन दिवस हललेली नसणार, कारण कापसाचा ठसा पानावर उमटला होता. उत्कर्षानं ते पान उघडलं. पुस्तकातली मुलगी आईला वळ दाखवते आणि आई तोंड फिरवून तांदूळ निवडत बसते, ते पान.

मालनबाई कणीक मळत होत्या.

"आई, तू माझी पुस्तकं वाचतेस?"

"मग? तूच एकटी वाचावीस का? टीव्हीवर नुसत्या सुना रडायल्यात. ही माणसं बरी, शेवटाला हसतात तरी."

"मग इथंच का थांबलीस?"

मालनबाईंचे हात थांबले. "पुढं त्या आईचं काय होतं?"

"काहीच नाही. ती त्यावर कधी बोलतच नाही."

"कधीच नाही?"

"मरेपर्यंत नाही."

"कसली गं ही आई," मालनबाई म्हणाल्या, आणि मग त्यांचा चेहराच पडला. "मी बी तसलीच. तू पाठ दाखवलीस आणि मी तुला गप बस म्हणले. चुकलं माझं, बाई. लई चुकलं."

उत्कर्षानं त्यांना घट्ट मिठी मारली. ड्रेसला कणीक लागली, केसांना लागली, आणि तिला रडू येण्याऐवजी हसूच फुटलं. इतकं हलकं तिला पहिल्या पगारालाही वाटलं नव्हतं. मालनबाईंनी मात्र लगेच, तशाच हातांनी फोन उचलला.

"दादा, लग्नाला येऊ नका," त्या म्हणाल्या. "का ते तुम्हाला ठाव आहे. आणि तो फेटा परत करून टाका."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला आणि पोळ्या लाटायला घेतल्या. त्या रात्रीच्या पोळ्या जाड झाल्या, पण दोघींनी एकेक जास्तच खाल्ली.

लग्नाच्या दिवशी मांडवातल्या समईत अनंतरावांच्या डबीतल्याच वाती होत्या. अंतरपाट धरला गेला. गुरुजी माइकवरून म्हणाले, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

खोलीच्या दारातून उत्कर्षा बाहेर आली. तिचा हात मालनबाईंनी धरला होता. माना वळल्या, कुजबुज सुरू झाली.

"अहो बाई, मामा लागतात," गुरुजी म्हणाले.

"मामा नाहीत. मी आहे."

गुरुजी घुटमळले. पुढच्या रांगेतून अनंतराव शांतपणे म्हणाले, "गुरुजी, मुहूर्त मुलीचा काढलाय की मामांचा?"

मांडव हसला, गुरुजीही हसले आणि त्यांनी मंगलाष्टकाचा कागद उलगडला. मालनबाई ताठ मानेनं चालत होत्या. त्यांनी लेकीचं मनगट इतकं आवळलं होतं की हिरवा चुडा रुतत होता.

"आई, हात जरा सैल धर ना," उत्कर्षा हसत पुटपुटली.

"नाही," मालनबाई म्हणाल्या. "तवा सोडला होता. आज नाही सोडायची."