डावं कुणाचं

जयवंत परबांनी आपल्या गाडीला कधी गॅरेजवाल्याचा हात लागू दिला नव्हता. पण गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि गाडी सुलक्षणाच्या हाती आली. साठीला टेकलेली त्यांची बायको लायसन्स काढून बोरीवलीच्या रस्त्यांवर बिनधास्त फिरायला लागली. मग एके दिवशी ब्रेक दाबला की पुढच्या चाकांतून खर्रखर्र ऐकू यायला लागलं.

"ब्रेकचे पॅड संपले," जयवंत म्हणाले. "गॅरेजला टाक." आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

ते तसं बसणं सुलक्षणाला बघवलं नाही. "तुम्ही सांगा, मी करते."

"तुला जमायचं नाय गो."

"तुम्हाला नीट सांगायला जमेल का, तेवढं बघा."

रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात तिने त्यांना खुर्चीत बसवलं, ओढणी कमरेला खोचली आणि मागच्या चाकांना विटा लावल्या. चाकाचे नट हाताने हलेनात, म्हणून पान्यावर पाय देऊन उभी राहिली. नट कुरकुरत सुटले. जॅक लावला, खाली स्टँड सरकवला, चाक काढलं. आत लोखंडी तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी चावून धरणारा जबडा, कॅलिपर. त्याचा खालचा बोल्ट काढायचा होता.

"डावीकडे फिरव," जयवंत म्हणाले.

तिने डावीकडे जोर लावला. बोल्ट ढिम्म. पुन्हा लावला, तळहात लाल झाला. तळमजल्यावरचा देवव्रत दुधाची पिशवी घेऊन जाता जाता थांबला.

"काकू, सरका, मी बघतो." त्यानेही डावीकडे ताकद लावली आणि धापा टाकत उठला. "जाम झालाय. मेकॅनिकला बोलवा ना."

जयवंतांचा चेहरा पडला. "राहू दे गो," ते हळूच म्हणाले.

सुलक्षणा मात्र बोल्टकडे टक लावून बघत होती. "अहो, हे तुम्ही करायचात, तेव्हा कुठे बसायचात?"

"बसतंय कसला? चाक बाहेर वळवून आत डोकं घालायचं."

"म्हणजे बोल्टचं डोकं तुमच्या तोंडासमोर. मला ते पाठमोरं आहे. मग ते डावं तुमचं, माझं नव्हे. आम्ही दोघं मिळून घट्ट करत बसलो."

जयवंतांनी डावा हात हवेत फिरवून पाहिला. मग हसायला लागले, कित्येक महिन्यांनी, पोट धरून. "हातानं केलं गो आयुष्यभर. तोंडानं कधी सांगितलंच नाय."

तिने पान्याची दिशा बदलली आणि अंगाचा सगळा भार टाकला. कट्ट! बोल्ट सुटला. देवव्रतने दूध गाडीच्या टपावर ठेवून टाळ्या वाजवल्या.

जबडा वर उचलताच झिजून पत्रा झालेले पॅड निघाले. जयवंतांनी सांगितलं तसं तिने बोनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण सैल केलं, शिकंजा लावून कॅलिपरमधला, पॅडला रेटणारा पिस्टन हळूहळू आत ढकलला, नवे पॅड बसवले, बोल्ट आवळला. दुसऱ्या चाकाला त्यांना तोंड उघडावंच लागलं नाही. आधी तिने चाक बाहेर वळवलं, मग आत डोकं घातलं.

चाकं बसवून, सगळं आवळून, डबीचं झाकण लावून ती स्टिअरिंगवर बसली, ब्रेक दाबला आणि पाय थेट खाली गेला. तिने चटकन जयवंतांकडे पाहिलं.

"घाबरू नको. पिस्टन मागे गेलेत. दाबत राहा."

दाबता दाबता पेडल पायाखाली कडक झालं.

आधी आवारातच दोनदा थांबून पाहिलं, मग गाडी बाहेर काढली. नॅशनल पार्कच्या बाजूच्या उतारावर तिने ब्रेक दाबला. गाडी आवाज न करता, हवी तिथे थांबली. शेजारी बसलेल्या जयवंतांनी काच खाली केली आणि बाजूच्या रिक्षावाल्याला, त्याने काही विचारलं नसताना, सांगितलं, "ब्रेक हिनं बदलले. घरी."

रिक्षावाल्याने वाकून आत बघितलं. सुलक्षणाने काळेकुट्ट हात वर करून दाखवले.