फळ्यावरचं सातवं नाव

आमच्या जुन्नरच्या रविवारच्या गाण्यात सात जण गातात. सहा नाहीत, आठ नाहीत. पंच्याहत्तर साली बाजारामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा स्टेजला सात पायऱ्या होत्या म्हणून सात, असं खंडू ढोलकीवाला सांगतो. मला काही ते पटत नाही, पण खंडूशी वाद घालण्यात अर्थ नसतो. माझं काम यादीचं. दर गुरुवारी दुपारच्या सुट्टीत कचेरीतून निघायचं, एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर टांगलेल्या फळ्यावर खडूनं सात नावं लिहायची, एक कट चहा मारायचा आणि टेबलावर परत. फळा जुन्नरला, पण त्याची बातमी कंडक्टर लोक गावोगाव नेतात.

नावांचा क्रम हीच खरी भानगड. पहिलं नाव नवख्याचं, कारण तेव्हा बाजार करून आलेले लोक अजून पिशव्या पायाशी लावत असतात आणि कोथिंबीर कितीला पडली ते एकमेकांना सांगत असतात. सातवं नाव ज्याच्यासाठी लोक सहाची एसटी सोडतील त्याचं. एकवीस वर्षं ते नाव डिंभ्याच्या सरूबाईचं होतं. ती गायला उभी राहिली की ड्रायव्हरच गाडी बंद करून शेडच्या दारात येऊन थांबे, त्यामुळे एसटी सोडायची वेळ तशी कुणावर आलीच नाही.

नव्व्याण्णवच्या गणपतीत सरूबाईच्या घशात गाठ निघाली. पुण्याला ऑपरेशन झालं, गाठ साधी होती, बाई बरी झाली. आवाज मात्र गेला. म्हणजे बोलता येई, पण भांड्याचं करपलेलं बूड खरवडावं तसं. तेव्हापासून ती घराबाहेर पडली नव्हती. बाजाराला नाही, लग्नाला नाही, देवळातही नाही. तिचा मुलगा गोरख मासे घेऊन जुन्नरला येई, त्याला विचारलं की म्हणे, "हाय, बसल्याली असती." मला फार वाईट वाटायचं, पण भेटायला जायचं धाडस होत नव्हतं. मी "कसं काय आक्का" विचारायचं आणि तिनं त्या आवाजात उत्तर द्यायचं, हे मला सोसवलं नसतं.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सहा नावं लिहून झाली होती. बाकावर चहा पीत बसलेला एक पाहुणा म्हणाला, "सरूबाई गाती का वो अजून?" त्यानं हे विचारायला नको होतं. मी सुरूच झालो. पहिल्यांदा आली तेव्हा माईकला कशी घाबरली, पदर तोंडावर घेऊन कशी गायली, तरी मागच्या भिंतीपर्यंत आवाज कसा पोचला. तोंड चाललं होतं तसा हातही आपला चालला होता. हात झटकून वळलो तर पाहुणा म्हणाला, "मंग ऐकाया यायाच पायजे रविवारी." मी फळ्याकडे पाहिलं. सातव्या ओळीत माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं : सरूबाई, डिंभे.

फडकं खिशातच होतं. पण फळ्याला फडकं लागायचं ते सोमवारी, हा नियम माझाच. एक्क्याऐंशी साली कुणाचं तरी नाव आयत्या वेळी पुसलं, त्याचं अख्खं गाव ट्रकमधून गाणं ऐकायला आलं आणि खुर्च्या मोडून गेलं, तेव्हापासूनचा. आणि मी तो असा पाळला की मागच्याच वर्षी आमच्या गाणाऱ्या पप्पूला त्याच्या हळदीच्या दिवशी मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत गायला लावलं. बिचारा हातापाया पडत होता, नाव काढा म्हणून. आता तोच पप्पू टपरीशी उभा राहून माझ्या खिशातल्या हाताकडे बघत होता. मी हात बाहेर काढला, रिकामा. तेवढ्यात जानकू कंडक्टरनं येऊन फळा वाचला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि डिंभ्याची गाडी घेऊन निघून गेला.

शुक्रवारी रजा टाकून मी डिंभे गाठलं. यायची ती गाडी आलीच नाही; घोडेगावपासून पुढं एका मोटारसायकलवर माशांच्या रिकाम्या पाटीला धरून बसलो. सरूबाई ओट्यावर गोरखचं जाळं नीट करत होती.

"आक्का, चूक झाली," मी म्हटलं. "सवयीनं हात गेला. रविवारी मी सोता स्टेजवर सांगतो आन् नाव मागं घेतो."

ती जाळ्याला गाठी मारत राहिली. मग त्या खरवडलेल्या आवाजात म्हणाली, "पाच म्हैनं माझं नाव कुनी घेतलं न्हाई. तिला काय वाटंल म्हनून समदी गप. तुमी बी."

तिनं सुटलेलं टोक दातात धरून गाठ आवळली.

"तुमी नाव लिवलं. आता ते उतरवायचं का न्हाई ते मी बघंन. अंजनीला सांगावा धाडा, रविवारी ये म्हनावं."

ही अंजना लोणीच्या बौद्धवाडीतली. तिचे आजोबा जलशात गायचे, त्यामुळे सूर घरातलाच. बारा वर्षं ती सरूबाईची झीलकरीण होती, म्हणजे मुख्य गाणारीच्या मागे उभं राहून ध्रुवपद उचलणारी. झीलकऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची पद्धत नाही. सरूबाई गायची थांबली तशी अंजनाही थांबली, आणि ती थांबली हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. याची मला आजही लाज वाटते.

रविवारी शेड खच्चून भरली. जानकूनं बातमी नीट पोचवली होती. मला भीती एकच होती. सरूबाई माईकसमोर उभी राहील, तोंड उघडेल आणि लोक हळहळतील. हसले असते तर तिनं चार शिव्या घातल्या असत्या आणि विषय मिटला असता. पण हळहळ तिला पुन्हा त्या ओट्यावर नेऊन बसवणार होती, या वेळी कायमची. आणि त्याला कारण मी.

आधीची सहा गाणी कशी झाली मला ठाऊक नाही. सातव्या वेळी सरूबाई तुणतुणं घेऊन पायऱ्या चढली. मागून अंजना आली आणि सवयीनं एक पाऊल मागे, डाव्या हाताला उभी राहिली. सरूबाई माईकपर्यंत गेली, तिथून वळली, अंजनाला दंडाला धरून माईकसमोर आणलं आणि स्वतः तिच्या जागेवर जाऊन उभी राहिली. एक पाऊल मागे, डाव्या हाताला.

"मावशी, मला न्हाई जमायचं," अंजना म्हणाली. ते माईकमधून सगळ्यांना ऐकू गेलं.

"बारा वरीस माझ्या पाठीकडं बघून गायलीस. आता लोकांकडं बघून गा. तुझ्या मागं मी हाय."

तुणतुणं वाजलं आणि खंडूनं ढोलकीवर हात टाकला. गाणं सरूबाईनंच रचलेलं, धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या शिवाराचं. त्यात पुढची बाई एकेका जागेचं नाव घेऊन विचारते, चिंचेखालची विहीर हाय का, भागूआजीचं खळं हाय का, आणि मागून झील उत्तर देते, "हाय गं, हाय."

पहिलं नाव घेताना अंजनाचा आवाज कापला. दुसऱ्याला जरा सावरला. तिसऱ्याला तिनं मान वर केली आणि आवाज मोकळा सुटला. सरूबाईसारखा नव्हता तो, बारीक आणि सरळ होता, आणि तो तसा होता हे फार बरं झालं. प्रत्येक नावानंतर तिच्या मागून तो खरवडलेला आवाज यायचा, "हाय गं, हाय." इतकी वर्षं ते उत्तर मला गोड वाटायचं. त्या दिवशी ते खरं वाटलं.

कुणीही हळहळलं नाही. समोर बसलेल्या धरणग्रस्त बायका आपापल्या शेताची नावं ओरडून सांगायला लागल्या, गाण्यात नसलेली, आणि अंजना ती उचलून चालीत बसवत गेली. सहा वाजून गेले. ड्रायव्हर दारात येऊन उभा होता. मी रडलो, आणि ते पप्पूनं पाहिलं. पाहू दे.

पायऱ्या उतरताना सरूबाई माझ्यापाशी थांबली. "भाऊ, पुढल्या गुरवारी सातव्याला अंजनी लिवा. आन् खाली झील बी लिवा."

"झीलचं नाव लिवायची पद्धत न्हाई, आक्का."

"मंग पाडा."

गुरुवारी मी लिहिलं : अंजना, लोणी. झील : सरूबाई, डिंभे. खंडूनं बोटावर मोजलं आणि तोंड वाकडं केलं. "आठ झाली की. पायऱ्या सातच हायेत."

"मंग तू खाली बसून वाजव," मी म्हटलं.

अंजना त्या दिवशी कामानिमित्त जुन्नरला आली होती. बराच वेळ ती फळ्यासमोर उभी राहिली. नावाला बोट लावायला गेली आणि खडू पुसला जाईल म्हणून हात मागे घेतला.

"पुसनार न्हाई ना, भाऊ?"

"सोमवारपतूर तरी न्हाई."

"मंग उद्या पोरीला आनते," ती म्हणाली. "तिला वाचाया लावते."